गवंड्याला फोन करावा लागू नये असा नकाशा
वाचकांचे प्रश्न : ड्राफ्ट्समनचं शिक्षण आणि काम

ड्राफ्ट्समन, म्हणजे सरकारी जाहिरातीतला आरेखक. या कामाबद्दल नुकतीच दहावी झालेल्यांपासून ऑफिसात दोन-तीन वर्षं काढलेल्यांपर्यंत अनेकांनी विचारलं आहे. प्रवेशाचे प्रश्न सारखेच होते, म्हणून ते एकत्र घेतले. कामातल्या चुकांना जास्त जागा दिली आहे, कारण नोकरी टिकते किंवा जाते ती तिथे.

दहावीला ६८ टक्के आहेत. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल घ्यावं, डिप्लोमा करावा, की सरळ तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा क्लास लावावा?
— एक विद्यार्थी, बार्शी

नुसत्या क्लासचा विचार आधी सोडा. तीन महिन्यांत कमांड येतात. पण खिडकीचा लिंटेल (वरची आडवी तुळई) भिंतीत किती आत जातो, जिन्याच्या स्लॅबखाली डोकं आपटतं का, संडासाचा पाइप कुठल्या बाजूने खाली उतरतो, हे तिथे कळत नाही आणि ऑफिसला नेमकं तेच हवं असतं. क्लास लावायचा तर शिक्षणाच्या जोडीला.

ड्राफ्ट्समन सिव्हिल हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर अप्रेंटिसशिप अवश्य करा, तिचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं आणि पहिल्या नोकरीच्या वेळी ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला काहीतरी दाखवता येतं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश घेता येतो, तेव्हा हा रस्ता पुढे बंद होत नाही.

घरची तीन वर्षं थांबायची तयारी असेल आणि गणित जड जात नसेल, तर सरळ सिव्हिल डिप्लोमा करा असं आम्ही म्हणू, कारण त्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या जागांसाठीही अर्ज करता येतो. दोन वर्षांत हातात पैसे यायला हवे असतील तर आयटीआय. तिथे रोज कागदावर हात चालतो, त्यामुळे रेषेची शिस्त अनेकदा डिप्लोमावाल्यांपेक्षा चांगली बसते.

जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, नगररचना या खात्यांत अनुरेखक, सहायक आरेखक, आरेखक अशी पदं असतात. जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा. ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ मागितलं असेल तर मेकॅनिकलचं प्रमाणपत्र चालेल असं गृहीत धरू नका, आणि खासगी क्लासच्या प्रमाणपत्राच्या जोरावर तर अर्जच भरू नका.

आयटीआयमध्ये अजून मिनी ड्राफ्टर आणि पेन्सिलीवर वेळ घालवतात. पुढे सगळं संगणकावरच करायचं असेल तर याचा उपयोग काय?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उपयोग साइटवर मोजमाप घ्यायला जाल त्या दिवशी कळतो. जुन्या घराचं नूतनीकरण असलं की लॅपटॉप गाडीत राहतो आणि हातात पॅड, पेन्सिल आणि टेप असते. तिथे हाताने काढलेलं स्केच नीट नसेल तर ऑफिसात आल्यावर ते तुमचं तुम्हालाच लागत नाही.

मोजताना भिंतीची मापं सुटी सुटी घेऊ नका. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून दाराची कड, दाराची दुसरी कड, खिडकीची कड, पुढचा कोपरा अशी चढती मापं लिहा. सुट्या मापांत प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिलिमीटरची चूक होते आणि त्या सगळ्या साठत जातात. प्रत्येक खोलीचा निदान एक कर्ण मोजाच, शक्यतो दोन्ही. ३००० × ३६०० मिमीची खोली काटकोनात असेल तर कर्ण ४६८६ मिमी येतो. तो ४६४० आला की खोली तिरकी आहे हे जागेवरच समजतं. नाहीतर सुताराने आणलेलं कपाट बसत नाही तेव्हा समजतं. भिंतीची जाडी दारात मोजा, दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट, आणि ‘गिलाव्यासकट’ असं लिहून ठेवा. सिल (खिडकीची खालची कड) आणि लिंटेलची उंची, बीमचा तळ, फरशीतला चढउतार ही चार मापं सगळ्यात जास्त विसरतात.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दीड वर्ष आहे. माझ्या फाइल्समध्ये प्रिंट काढताना अक्षरं कधी मुंगीएवढी, कधी भलीमोठी येतात. परवानगीसाठी पाठवलेले नकाशे क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून परत येतात. नेमकं कुठे चुकतं?
— एक वाचक, नाशिक

तुमच्या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत.

अक्षरांचा घोळ स्केल न समजल्यामुळे होतो. ऑटोकॅडमध्ये इमारत नेहमी खऱ्या मापात काढायची, एक मिलिमीटर म्हणजे एक युनिट. स्केल लागतं ते कागदावर आणताना. कागदावर अक्षर २.५ मिमी हवं आणि नकाशा १:१०० ने छापायचा असेल, तर मॉडेलमध्ये, म्हणजे इमारत काढतो त्या जागेत, अक्षराची उंची २५० ठेवावी लागते, १:५० ला १२५. अक्षरं आणि मापं लेआउटवरच (छापायच्या शीटवरच) लिहिली तर हे गणितच उरत नाही, तिथे सरळ २.५ लिहायचं. एका ऑफिसात दोन्ही पद्धती मिसळल्या की मुंगी आणि हत्ती एकाच शीटवर येतात. कुठलीही एक ठरवा आणि व्ह्यूपोर्टचं (लेआउटवरच्या ज्या चौकटीतून मॉडेल दिसतं तिचं) स्केल लावलं की तो लॉक करा. लॉक न केलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये माउसचं चाक चुकून फिरलं की १:१०० चं १:९७ होतं आणि नजरेला काहीच दिसत नाही.

दुसरी खोड म्हणजे ‘फिट टू पेपर’. ए-१ कागद ५९४ × ८४१ मिमी, ए-३ कागद २९७ × ४२०. ए-१ चा नकाशा ए-३ वर छापला की लांबी बरोबर निम्मी होते, म्हणजे १:१०० चा नकाशा १:२०० झाला, पण शीटवर मात्र १:१०० लिहिलेलं राहिलं. साइटवर कुणीतरी त्यावर पट्टी लावतोच. म्हणून प्रत्येक शीटवर पट्टीसारखी काढलेली स्केल ठेवा, ती कागदाबरोबर लहान-मोठी होते. २.५ मिमीचं अक्षर निम्मं झाल्यावर वाचता येत नाही हेही लक्षात घ्या. ए-३ वर जाणार हे आधी माहीत असेल तर अक्षर ३.५ ठेवा.

युनिटची चूक याच जातीची. सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनची (जमीन मोजायच्या यंत्राची) फाइल येते ती बहुधा मीटरमध्ये असते. ती मिलिमीटरच्या फाइलमध्ये तशीच आणली की प्लॉट हजारपट लहान, कुठेतरी ठिपका होऊन पडतो. इंचात काढलेला दरवाजाचा ब्लॉक २५.४ पटीने चुकतो. कुठलीही बाहेरची फाइल आणली की पहिलं काम म्हणजे माहीत असलेलं एक माप मोजून बघणं.

आता क्षेत्रफळ. मुंबईची स्वतःची विकास नियमावली आहे, डीसीपीआर २०३४. उरलेल्या राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात प्लॉटचं क्षेत्र तीन ठिकाणांहून लिहायचं असतं : मालकीच्या कागदावरून, मोजणी नकाशावरून आणि प्रत्यक्ष जागेवरून. हिशोबाला यातलं सगळ्यात कमी धरतात. सातबाऱ्यावर ३ आर, म्हणजे ३०० चौ.मी., मोजणीत २९२ आणि जागेवर २९५ असेल तर हिशोब २९२ चा. नवखे ड्राफ्ट्समन सातबाऱ्याचा आकडा घेऊन पूर्ण एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम चालतं ते प्रमाण) मांडतात आणि तिथेच सगळं कोसळतं. गुंठ्याचं आरमध्ये रूपांतर करतानाही जपा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौ.मी. होतात. आर म्हणजे बरोबर १०० चौ.मी. दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलं तर दहा गुंठ्यांत जवळपास १२ चौ.मी. हरवतात.

ऑनलाइन परवानगीत तुमचा नकाशा माणसाच्या आधी संगणक तपासतो. त्याला भिंत दिसत नाही, त्याला ठरवून दिलेल्या नावाच्या लेयरवरची बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली एकच रेषा) दिसते. रेषा तुटक काढल्या, किंवा पॉलिलाइनचा शेवटचा बिंदू पहिल्यावर स्नॅप झाला नाही, तर पडद्यावर चौकोन बंद दिसतो पण प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’पुढे ‘नो’ असतं. एकावर एक दोन पॉलिलाइन पडल्या तर क्षेत्र दुप्पट धरलं जातं. बाल्कनी चुकीच्या लेयरवर गेली की तिचा हिशोबच बदलतो. पाठवण्याआधी एकेक लेयर सुटा उघडून बघा. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि परत आलेल्या नकाशात जाणारे आठवडे वाचतात. ओव्हरकिल ही कमांड डुप्लिकेट रेषा काढून टाकते, पण ती फाइलच्या प्रतीवरच चालवा, कारण कधी कधी हवी असलेली रेषाही जाते.

सगळ्यात गंभीर चूक शेवटी सांगतो : मापाचा आकडा हाताने बदलणं. खोली मोजून २९८५ येते, साहेबांना ३००० हवी असते, आणि वेळ नाही म्हणून मापावर ३००० टाइप केलं जातं. मग सेंटरलाइन २९८५ ने जाते, फर्निचर ३००० ने बनतं. प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ची जागा रिकामी असली पाहिजे. आकडा चुकीचा वाटतो तेव्हा भिंत हलवा.

आरसीसी डिटेलिंगकडे जायचं आहे. बार बेंडिंग शेड्यूल कसं शिकावं? सॉफ्टवेअर लगेच घ्यावं का?
— एक वाचक, सोलापूर

बार बेंडिंग शेड्यूल म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची आणि किती लागतील याचा तक्ता. तो आधी कागदावर. निदान दहा बीम हाताने केल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावू नका, कारण त्याचं चुकलेलं उत्तर ओळखायला आधी बरोबर उत्तर माहीत लागतं.

एक बीम घ्या : २३० × ४५०, कव्हर (सळईबाहेरचा कॉंक्रीटचा थर) २५, रिंग (मुख्य सळयांभोवतीचं कडं) ८ मिमीची. कव्हर रिंगच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात, म्हणून रिंगचं बाहेरचं माप १८० × ४००. परिमिती ११६०. दोन हूकांसाठी व्यासाच्या दहापट, म्हणजे ८० अधिक ८०, असे १६० वाढवा. सळई वाकताना लांबते, म्हणून वजावट : ९० अंशाच्या बाकाला दोन व्यास, १३५ अंशाच्या बाकाला तीन व्यास. तीन काटकोनी बाकांचे ४८ आणि दोन १३५ च्या बाकांचे ४८ वजा केले की कापायची लांबी १२२४ मिमी येते. वजावट विसरलात तर १३२० ची सळई कापली जाते, रिंग मोठी होते आणि शटरिंगमध्ये कव्हर उरत नाही. फिटर मग ती ठोकून बसवतो. हूकची लांबी आरसीसी कन्सल्टंटच्या जनरल नोट्समध्ये वेगळी दिली असेल तर तीच घ्या.

रिंगांची संख्या काढताना पूर्ण लांबी भागिले अंतर असं करू नका. भूकंपाच्या दृष्टीने आधाराजवळ रिंगा दाट असतात. कॉलमच्या आतल्या कडांमधलं अंतर ४०००, दोन्ही टोकांना ९०० पर्यंत १०० मिमीवर आणि मध्ये १५० वर असं दिलं आहे असं धरा. पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून ५० वर. ५० पासून ९५० पर्यंत १० रिंगा होतात, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच. मधल्या २१०० मध्ये १५० ची १४ अंतरं, म्हणजे मधल्या रिंगा १३. एकूण ३३. वजन : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ८ मिमीला मीटरमागे ०.३९५ किलो. ३३ × १.२२४ × ०.३९५ केलं की सुमारे १६ किलो. सरसकट १५० ने मोजलं असतं तर २८ रिंगा धरल्या असत्या आणि ऐन स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर पाच कमी पडल्या असत्या.

वाचायला एसपी ३४ हे सळयांच्या डिटेलिंगचं पुस्तक आणि आयएस १३९२० हे भूकंपाच्या दृष्टीने सळया कशा द्यायच्या याचं मानक हवंच. आणि शक्य होईल तेव्हा कॉंक्रीट ओतण्यापूर्वी जोडावर उभं राहून बघा. २३० च्या कॉलममधून दोन दिशांचे बीम जातात, तेव्हा सगळ्या सळया एका पातळीत मावत नाहीत. कुठली वरून जाणार हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसलं तर ते फिटर ठरवतो.

आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलं आहे. इथल्या फाउंड्रीत काम मिळतंय. काय पक्कं असावं?
— एक वाचक, कोल्हापूर

कास्टिंगचं ड्रॉइंग आणि मशिनिंगचं ड्रॉइंग वेगळं ठेवायला शिका. करड्या बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून ३०० मिमीच्या भागाचा पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) ३०३ चा बनतो. ही वाढ पॅटर्नमेकर स्वतः धरतो का, हे विचारल्याशिवाय ड्रॉइंगमध्ये घालू नका. दोघांनीही धरली तर पॅटर्न ३०६ चा होतो. वस्तूची दृश्यं शीटवर मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. शीटवरचं शंकूचं चिन्ह न बघता वाचलं की डावं भोक उजवीकडे पडतं. टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) जिथे गरज आहे तिथेच घट्ट ठेवा. २५ एच ७ म्हणजे भोकाला शून्य ते २१ मायक्रॉनची मुभा, आणि तेवढ्यासाठी रीमर किंवा बोरिंग लागतं. नुसता बोल्ट जायचा असेल तिथे एच ७ लिहिणं म्हणजे कंपनीचा पैसा वाया घालवणं.

रेव्हिट शिकावं का?
— एक वाचक, ठाणे

हो, पण टू-डी सेक्शन (इमारतीचा उभा छेद) बिनचूक काढता यायला लागल्यावर. रेव्हिट हे इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर आहे. रेव्हिटमध्ये भिंत काढली की सेक्शन आपोआप मिळतो, पण त्या सेक्शनमधली चूक शोधावी तुम्हालाच लागते.

लहान मूल असल्याने पूर्ण वेळ नोकरी जमत नाही. घरून ड्राफ्टिंगची कामं घेता येतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

येतात, आणि अनेक जणी करतात. पण सुरुवात ओळखीच्या ऑफिसच्या कामाने करा, कारण घरून काम करताना साइट बघायला मिळत नाही आणि शंका विचारायला कुणीतरी लागतं. काम घेताना चार गोष्टी मेसेजवर का होईना, लिहून घ्या : किती शीट, कुठल्या स्केलला, किती दुरुस्त्या त्याच पैशांत, आणि डीडब्ल्यूजी फाइल द्यायची की फक्त पीडीएफ. भांडणं नेहमी दुरुस्त्यांवरून होतात. प्रत्येक वेळी शीटवर आर-१, आर-२ असा क्रमांक, तारीख आणि काय बदललं ते लिहा, आणि बदललेल्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेषा काढा. जुनी प्रिंट साइटवर राहिली तर दोष कुणाचा हे त्यावरून ठरतं.

चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका. ऑटोकॅडचं भाडं परवडत नसेल तर डीडब्ल्यूजी फाइल चालवणारी स्वस्त सॉफ्टवेअर मिळतात. परवानगीच्या नकाशावर सही मात्र लायसन्सधारकाचीच लागते. आयटीआय ड्राफ्ट्समनला ठरावीक अनुभवानंतर लहान प्लॉटपुरती सुपरवायझर म्हणून नोंदणी करता येते. तिच्या अटी नियमावलीच्या परिशिष्टात आहेत, तिकडे नजर ठेवून अनुभवाची पत्रं आतापासून जपा.

मुलाखतीत टेस्ट घेतात म्हणे. काय काढायला लावतात?
— एक विद्यार्थी, अहिल्यानगर

बहुतेक वेळा जिना. तासाभरात प्लॅन आणि सेक्शन. जिना एकट्यानेच सांगतो की समोरच्याला बांधकाम कळतं की नाही.

मजल्याची उंची ३००० धरा. १५० ची पायरी घेतली तर २० रायझर (पायरीची उभी बाजू). दोन फेऱ्यांच्या जिन्यात प्रत्येकी १०. आणि इथे पहिली चूक होते : १० रायझरला ट्रेड (पाय ठेवायची आडवी जागा) ९ असतात, कारण दहावा पाय लँडिंगवर (मधल्या सपाट जागेवर) पडतो. २५० च्या ट्रेडने ९ गुणिले २५० म्हणजे २२५०. लँडिंग १००० आणि सुरुवातीची मोकळी जागा १००० धरली की आतली लांबी ४२५० लागते. दोन फेऱ्या हजार-हजारच्या आणि मध्ये १०० ची फट, म्हणजे रुंदी २१००. प्लॅनमधला ‘वर’ लिहिलेला बाण आणि सेक्शनच्या रेषेचा बाण जुळवा. अनेकांचा सेक्शन उलट्या बाजूने बघितलेला निघतो. लँडिंगखालून जायचं असेल तर डोक्यावर किती जागा उरते ते मापासकट दाखवा.

वेळ उरला तर फिनिशिंगचा हिशोब करा, त्याने तुम्ही बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसाल. मजल्यावर फरशी आणि खालचा थर मिळून ७५ मिमी, पायऱ्यांवर आणि लँडिंगवर दगड आणि मसाला मिळून ४० मिमी आहे असं समजा. कॉंक्रीटचे सगळे रायझर १५० चे ओतले, तर फरशी झाल्यावर पहिली पायरी ११५ ची आणि शेवटची १८५ ची होते, मधल्या सगळ्या १५० च्या. जिना चढताना माणूस शेवटच्या पायरीला अडखळतो तो यामुळे. म्हणून कॉंक्रीटमध्ये पहिला रायझर १८५, मधले १८ रायझर १५० चे आणि शेवटचा ११५ चा दाखवायचा. बेरीज ३००० च येते. शेजारी ‘कॉंक्रीटची मापं, फिनिशिंग सोडून’ असं लिहा.